जाब विचारणाऱ्या मृणालताई

विधानसभेत विचारल्या जाणाऱ्या तारांकित प्रश्नांना शासनाकडून जी छापील उत्तरे मिळतात, त्यांची एक ठरलेली भाषा आहे. ‘हे अंशतः खरे आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. पेढीवर बसणाऱ्या माणसाला ही भाषा परकी वाटणार नाही. देणे लांबवू पाहणारा असामी वसुलीला आलेल्या मुनिमाला थोड्याफार फरकाने हेच सांगत असतो. छापील उत्तर कचेरीतील कारकून तयार करतो, मंत्री ते वाचतो. खरी परीक्षा सुरू होते ती त्यानंतरच्या उपप्रश्नांत. तेथे विचारणाऱ्याचा अभ्यास उघडा पडतो आणि उत्तर देणाऱ्याचाही. महाराष्ट्राच्या विधानसभेत ही परीक्षा चोखपणे घेणाऱ्या ज्या मोजक्या व्यक्ती होऊन गेल्या, त्यांत मृणाल गोरे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

त्यांचे सार्वजनिक काम सुरू झाले ते गोरेगावच्या नळापासून. मुंबईची उपनगरे वाढत होती, वस्ती दाट होत होती, परंतु पाणी काही त्या प्रमाणात येत नव्हते. १९६१ साली त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून गेल्या. रिकामे हंडे घेऊन आलेल्या बायकांना बरोबर घेऊन त्यांनी पाण्यासाठी महापालिकेला इतके सतावले की लोकांनी त्यांचे नावच ‘पाणीवाली बाई’ ठेवले. ही पदवी कोणत्याही सरकारने दिलेली नव्हती, म्हणून ती परत घेण्याची कोणाची शक्यताही नव्हती. कोणत्या वस्तीत जलवाहिनी कुठवर आली, पुढचे काम कोणाच्या टेबलावर अडले, हे त्यांना ठाऊक असे. मोर्चा हा त्या माहितीचा शेवटचा भाग होता, पहिला नव्हे.

१९७२ साली समाजवादी पक्षातर्फे त्या विधानसभेत आल्या. नागरिकांनी आपले गाऱ्हाणे सभागृहापुढे मांडण्याचा एक विधिवत मार्ग विनंती अर्जाचा आहे. तो अर्ज नागरिकाने थेट पाठवून भागत नाही. सदस्याने प्रतिस्वाक्षरी करून तो सादर करावा लागतो. बँकेत खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळख लागत असे, तशातलाच हा प्रकार. ओळख देणाऱ्याने सही करण्यापूर्वी माणूस पारखावा, अशी अपेक्षा असते. पुष्कळजण न पारखताच सही ठोकत, ही गोष्ट वेगळी. मृणालताईंचे बळ असे की गाऱ्हाणे त्यांच्या हाती येई तेव्हा ते कोणाचे आहे हे त्यांनी बहुधा त्या गल्लीत जाऊन पाहिलेले असे.

त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. धान्य, तेल, रॉकेल यांचे भाव चढले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या डाव्या व समाजवादी पक्षांच्या महिला एकत्र आल्या आणि लाटणी-थाळ्या वाजवीत रस्त्यावर उतरल्या. व्यापारी पेठेत त्या दिवसांत मृणालताईंचे नाव फारसे गोड लागत नसे, हे मान्य केले पाहिजे. साठेबाज शोधण्यासाठी निघालेला मोर्चा आपल्या दुकानाकडे वळेल की काय, ही धास्ती प्रामाणिक दुकानदारालाही होती. टंचाईचे खापर किराणा दुकानदाराच्या डोक्यावर फोडून मोकळे होणे कोणत्याही सरकारला सोयीचे असते, आणि त्या गदारोळात काही निरपराध माणसेही बदनाम झाली असतील. तरीही रेशनच्या दुकानापर्यंत न पोहोचलेले धान्य गेले कुठे, हा त्या बायकांचा प्रश्न रास्तच होता. आणि तो प्रश्न त्यांनी केवळ पेठेला विचारला नाही. मंत्र्यांना घेराव घालूनही विचारला.

आणीबाणीत त्या भूमिगत राहिल्या, पकडल्या गेल्या, तुरुंगवास भोगला. १९७७ साली लोकसभेवर निवडून आल्या तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा घरोघरी पोहोचली. केंद्रात स्वपक्षाचे सरकार असूनही त्यांनी आरोग्य खात्याचे मंत्रिपद नाकारले. जाब विचारण्याची सवय जडलेल्या माणसाला जाब देण्याची खुर्ची मानवली नसती, असे वाटते.

व्यापारी वाचकाला अधिक जवळचे वाटेल ते सिमेंटचे प्रकरण. तो परवान्यांचा काळ. घराच्या दुरुस्तीला चार पोती सिमेंट हवे तरी सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत, आणि ज्या वस्तूचे वाटप मंत्रालयातून होते त्या वस्तूला दोन भाव असतात, हे तेव्हा लहान मुलालाही ठाऊक होते. १९८१ मध्ये मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी स्थापलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला बांधकाम व्यावसायिकांनी दिलेल्या देणग्यांची बातमी फुटली. मृणाल गोरे आणि त्यांचे सहकारी बाबूराव सामंत यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. याचिकेचा गाभा हिशेबनिसाच्या कामासारखाच होता. एका बाजूस न्यासाकडे जमा झालेल्या देणग्या, दुसऱ्या बाजूस वाटले गेलेले सिमेंट, आणि या दोन खात्यांचा मेळ. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी तो मेळ लागतो असा निर्णय दिला आणि मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. पुढची कज्जेदलाली वर्षानुवर्षे चालत राहिली. देणग्या देणारे व्यावसायिक सगळेच लबाड होते असे म्हणवत नाही. सिमेंट मिळाले नाही तर काम बंद पडते, मजूर बसून राहतात, कर्जाचे व्याज मात्र चालू असते. परंतु धर्मादायाच्या नावाने दिलेला पैसा ज्या क्षणी कशाच्या तरी बदल्यात दिला जातो, त्या क्षणी तो दान राहत नाही. दानाचा हा भेद ज्या घरांत लहानपणापासून शिकवला जातो, त्यांना तो अधिक सांगण्याची गरज नाही.

१९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या. काही काळ विरोधी पक्षनेत्याही होत्या. या कारकिर्दीतील त्यांचे एक काम मात्र थेट आपल्या घरांत शिरणारे आहे. गर्भजल परीक्षा करून मुलीचा गर्भ पाडण्याचा धंदा तेव्हा मुंबईत उघड चालत असे. राज्य शासनाच्या सूचनेवरून झालेल्या पाहणीत ५० पैकी ४२ स्त्रीरोगतज्ज्ञ अशी परीक्षा करीत असल्याचे आढळले. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून समाजकार्यात आलेल्या मृणालताईंनी याविरुद्ध विधानसभेत अशासकीय विधेयक मांडले. विरोधी सदस्याचे असे विधेयक सहसा मंजूर होत नाही, पण ते सरकारला मौन सोडायला लावते. बाहेर महिला संघटनांचा दबाव होताच. १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगपरीक्षेवर निर्बंध घालणारा कायदा केला. देशात असा कायदा प्रथमच होत होता. त्यात पळवाटा होत्या, तशी तक्रार चळवळीतील लोकांनीच केली. केंद्राचा कायदा १९९४ साली आला.

२००१ च्या जनगणनेत धर्मवार आकडे प्रसिद्ध झाले. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली सर्व देशात ९२७ होत्या; जैन समाजात ८७०. शिक्षणात हाच समाज सर्वांच्या पुढे होता. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या, सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांचा हा आकडा होता. व्यापार सांभाळायला मुलगा हवा, हे त्याचे कारण पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. आज अनेक पेढ्यांचे संगणकावरील हिशेब मुली आणि सुनाच पाहतात, तेव्हा ते कारणही आता टिकत नाही. २०११ च्या जनगणनेत आकडा ८८९ झाला. सुधारला, तरी देशाच्या तेव्हाच्या सरासरीपेक्षा खालीच राहिला.

मृणालताई १७ जुलै २०१२ रोजी गेल्या. गोरेगावला दिंडोशीच्या बाजूस नागरी निवारा परिषदेची वसाहत उभी आहे. कमाल जमीन धारणा कायद्याखालील जमीन सर्वसामान्यांच्या घरांसाठी मिळावी म्हणून त्यांनी आणि बाबूराव सामंतांनी सरकारशी दीर्घकाळ भांडून ती मिळविली. सुमारे सहा हजार कुटुंबे तेथे राहतात.