मुंबईच्या प्लेगची रेषा

१७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबईत प्लेगने दर आठवड्याला किती माणसं नेली, त्याचे ठिपके मी कितीदा वहीत काढले असतील. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७च्या निबंधात त्या ठिपक्यांमधून एक रेषा नेली. तिचा माथा आठवड्याला ८९० मृत्यूंवर, सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर. ती ठिपक्यांना इतकी बिलगून जाते की बघत राहावंसं वाटतं. मग आठवतं, माथ्याजवळच्या एकेका ठिपक्याखाली शेकडो घरं आहेत.

रेषेचं सूत्र तीन आकड्यांवर उभं आहे: उंचीचा ८९०, चढउताराचा वेग सांगणारा ०.२ आणि माथ्याची जागा ठरवणारा ३.४. त्या सूत्रामागच्या मॉडेलमध्ये मात्र अज्ञात चार. संसर्गाचा दर, बरं होऊन किंवा मरून रोगातून सुटण्याचा दर, सुरुवातीला रोग होऊ शकेल अशी माणसं आणि आधीच आजारी असलेली. तिनातून चार निघत नाहीत, हे शाळेतल्या एकसामयिक समीकरणांचंच गणित. शिवाय प्लेग पसरवणारे उंदीर आणि पिसवा समीकरणांत कुठेच नाहीत, तरी रेषा बसतेच!

अर्थात हे सूत्र सोपं करून घेतलेलं. मूळ समीकरणं तशीच ठेवली आणि रोगातून सुटलेला प्रत्येक जण नोंदला गेला असं धरलं, तर कागदावर चारही हाती लागतात. पण नोंद पूर्ण असते कुठे?

एक विद्यार्थिनी साथीच्या मॉडेलचा आलेख घेऊन आली होती. "मॅडम, बघा ना, किती सुरेख बसलाय!"

खरंच बसला होता. मी म्हटलं, "संसर्गाचा दर दुप्पट कर. लोकसंख्या आणि सुरुवातीचे रुग्ण निम्मे कर. नोंदीचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ६०वर ने."

तिने आकडे बदलून पुन्हा चालवलं. रेषा जागची हलली नाही. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

मग आम्ही कागद घेतला. न दिसणाऱ्या राशी विकलन करत करत काढून टाकायच्या, फक्त मोजलेली राशी आणि तिची विकलजं उरेपर्यंत. उरलेले सहगुणक तेवढे आपले. सुटण्याचा दर त्यातून एकटा सुटून आला. संसर्गाचा दर आणि नोंदीचं प्रमाण मात्र भागाकारात एकमेकांना चिकटलेले. रोज नवे आकडे ओतले तरी ते सुटणार नाहीत. बेलमन आणि ऑस्ट्रॉम यांनी १९७० साली या तपासणीला नाव आणि चौकट दिली. मला वाटतं, आकडे बसवायला घेण्याआधीच ती व्हावी. त्या आकड्यांवरून उद्या कुणी लशी किती मागवायच्या ते ठरवणार असतं.

"मग नोंदीचं प्रमाण आणू कुठून?" तिने विचारलं.

"किती जणांना संसर्ग होऊन गेला, ते रक्त सांगेल. शिरगणती आहेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रक्ततपासणीच्या सर्वेक्षणाचा तक्ता घेऊन दारात उभी होती.