घराला काठ हवा

घराला रंग द्यायचा म्हटले की शहाणीसुरती माणसेदेखील बिथरतात. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. सौंदर्यावर तासन् तास बोलण्याचा जणू मला परवानाच! त्यामुळे कोल्हापुरात आम्ही नवा ब्लॉक घेतला, तेव्हा रंगाचा प्रश्न मी एका शब्दात निकालात काढला: पांढरा. भिंती पांढऱ्या, छत पांढरे, दारे पांढरी, चौकटीही पांढऱ्या. सौ.ने स्वयंपाकघरासाठी पिस्ता रंगाचा आग्रह धरून पाहिला. मुलीने स्वतःच्या खोलीसाठी जांभळा मागितला. मी दोघींनाही साधेपणावर एक छोटेखानी व्याख्यान दिले. रंगाऱ्याला मात्र माझे म्हणणे चटकन पटले. त्याला एकच डबा ढवळायचा होता.

मग सावंतवाडीजवळच्या आमच्या गावाहून आई राहायला आली. वय 78. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला, डाव्याचे ऑपरेशन साखरेपायी लांबलेले. पंधराच दिवसांत, एका पहाटे न्हाणीघराकडे जाताना, ती अर्धवट उघड्या दाराच्या कडेवर आपटली. कपाळाला तीन टाके पडले. "दार दिसलंच नाही रे," एवढेच ती म्हणाली. त्यानंतर ती रात्री उठेनाशी झाली. पुढे तर संध्याकाळनंतर पाणी पिणेच तिने सोडले. हे सौ.च्या लक्षात आले. मी परीक्षेचे पेपर तपासत होतो. दिवाळीच्या तोंडावर आईने हळूच सांगितले, "मला गावी पोचव. तिथं मला काळोखातही भिंत कळते."

मला ते लागले. मुलाच्या नव्या घरापेक्षा आईला जुने घर बरे वाटावे, हे कोणत्या मुलाला लागणार नाही? पण वाद घातला नाही. भाऊबीज झाली आणि आजरा, आंबोली करत आम्ही दोघे निघालो. सावंतवाडी आली, तशी ती म्हणाली, "इतके आलोच आहोत, तर एकदा पणजी दाखव." 1961 साली गोवा मुक्त झाल्यानंतर, ऐन पोरवयात, ती काही महिने पणजीच्या मळा भागात मावशीकडे राहिली होती. तेव्हा बांदा आणि पत्रादेवी ओलांडून आम्ही थेट पणजी गाठली.

मळ्याला लागूनच, आल्तिन्योच्या टेकडीच्या पायथ्याशी आणि ओरेंच्या खाडीच्या काठाशी, फोंताइन्यश नावाची वस्ती आहे. या पोर्तुगीज नावाचा अर्थ लहान लहान झरे. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या सज्जांतून गप्पा व्हाव्यात. वर मंगलोरी कौले, एखाद्या जुन्या खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने, आणि घरांचे रंग तर विचारू नका! एक घर हळदीसारखे पिवळे, शेजारचे निळीच्या पाण्यात बुचकळून काढल्यासारखे, त्यापलीकडचे गेरूने माखलेले. एरवी मी याला भडकपणा म्हणून नाक मुरडले असते.

आई माझा हात धरून चालत होती. सकाळचे ऊन तिरपे येत होते. चालता चालता तिने हात केव्हा सोडला, ते मला कळलेही नाही. पाहतो तो, ती दहा पावले पुढे! बोटाने दाखवत स्वतःशीच म्हणत होती, "ही खिडकी. हे दार. ही पायरी." मग मागे वळून लहान मुलीसारखी हसली. आनंद झाला की तिची मालवणी आपोआप बाहेर येते. "बघलंस? घराक काठ व्हयो रे!"

मी पाहिले. आणि खरे सांगतो, तोवर मी पाहिलेच नव्हते. प्रत्येक घर रंगीत. पण प्रत्येक दाराला, खिडकीला, भिंतीच्या कोपऱ्याला पांढरी पट्टी. साडीला काठ असावा, तशी.

गोव्यात परंपरेने सांगतात, की पोर्तुगीज अमदानीत निव्वळ पांढरा रंग देवळांना, म्हणजे त्यांच्या चर्चना, राखलेला असे. लोकांनी घराला पांढरा वापरायचा तो कडांपुरता. पावसाळा सरला की दरसाल घर रंगवण्याचा दंडकही होता म्हणतात. त्यामागचे कारण कोकणी माणसाला वेगळे सांगायला नको. जांभ्याच्या भिंती चार महिने पाणी पितात. चुन्याचा हात त्यांना श्वास घेऊ देतो, पण दरसाल नवा मागतो. त्या चुन्यात पिवळी माती, गेरू असले मातीचे रंग चांगले टिकतात. त्याच वस्तीत 1818 साली उभे राहिलेले सेंट सेबॅस्टियनचे चॅपेल आहे. ते पांढरेशुभ्र. रंगीत घरांच्या घोळक्यात ते ताबडतोब डोळ्यांत भरते. पांढऱ्याला शोभा येते, ती शेजारी दुसरा रंग असल्यामुळे!

माझ्या ब्लॉकात पांढऱ्याला शेजारच नव्हता. चॅपेलच्या पायरीवर बसून मी आईला विचारले, "तुला नक्की दिसतं कसं?" इतक्या दिवसांत हा प्रश्न मी प्रथमच विचारत होतो. तिने आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. "ह्या डोळ्याला भिंत पांढरी दिसते, त्या डोळ्याला ताकासारखी." वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, निळ्या-हिरव्यातला भेद पुसट होतो. अशा डोळ्याला रंगापेक्षा उजळ आणि गडद यांतले अंतर आधार देते. पांढऱ्या भिंतीतले पांढरे दार तिला दिसणार तरी कसे?

आईला गावी सोडले. तिने निरोप देताना बजावले, "आधी काठ लाव, मग बोलव."

घरी येऊन मी सौ.पुढे शेडकार्ड ठेवले आणि गप्प बसलो. उत्तरेच्या खोलीत ऊन येत नाही, म्हणून तिथे फिकट पिवळा. तीच आईची खोली. दक्षिणेकडचे स्वयंपाकघर तापते, तिथे सौ.चा पिस्ता. मुलीच्या खोलीत एकच भिंत जांभळी आणि उरलेल्या तीन पांढऱ्या, म्हणजे खोली अंधारत नाही. छते पांढरीच ठेवली. पडलेल्या उजेडातला सुमारे चार पंचमांश पांढरा रंग परत देतो. आणि घरभर प्रत्येक चौकट, दाराची कड, दिव्याच्या बटणांभोवतीची पट्टी गडद तपकिरी. रंगारी कुरकुरला. पट्ट्या ओढायला त्याला चार दिवस जास्त लागले.

माघात आई परत आली. उंबऱ्यात उभी राहून तिने आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. बोलली काहीच नाही. चौकटीवरून हात फिरवत सरळ आपल्या खोलीत गेली.

त्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर तिने सौ.ला हाक मारली आणि उशाशी तांब्याभर पाणी ठेवायला सांगितले.