जुन्या गाडीची नाडी

ज्याच्या घरी जुनी गाडी, त्याच्या घरी हिशेबाची वही असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. आमची गाडी म्हणजे मारुती ओम्नी. हा नमुना १९८४ साली प्रथम रस्त्यावर आला व २०१९ साली त्याची निर्मिती बंद झाली. पुढील आसनांखाली बसविलेले तिचे एंजिन अवघे ७९६ घनसेंटिमीटरांचे. तथापि आमच्या घराचा सारा भार तेच वाहते. वडील याच गाडीतून कोल्हापूरचा गूळ आंबा घाटमार्गे रत्नागिरीकडील दुकानांत पोचवितात.

एका लिटरात गाडी किती चालते, हे काढण्याची रीत सोपी आहे. पंपाची तोटी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी व किलोमीटरचा आकडा टिपावा. पुढील खेपेस तितकीच भरावी आणि मधल्या अंतरास लागलेल्या लिटरांनी भागावे. ३९२ किलोमीटरांस २८ लिटर, म्हणजे लिटरला १४. आई हे गणित नेमाने वहीत मांडते.

गेल्या पावसाळ्यानंतर तीन महिन्यांत हा आकडा १४ वरून ११ वर उतरला. महिन्याची धाव १४०० किलोमीटर. तेव्हा १०० लिटरांच्या जागी १२७ लिटर पेट्रोल जाऊ लागले. लिटरला १०० रुपये धरले, तरी २७०० रुपयांची तूट! वडील खिन्नपणे म्हणाले, "गाडी म्हातारी झाली; आता विकावी हे बरे." गाडी गेली की धंदाही गेला, हे आम्हां सर्वांस कळत होते.

आईने वही पुढे केली. "अहो, म्हातारपण काही तीन महिन्यांत येत नाही. हिला कोठेतरी दुखणे असले पाहिजे."

मेस्त्रींनी चाके उचलून फिरवून पाहिली. मागील एका चाकाचा ब्रेक गंजून पुरता सुटतच नव्हता. टायरांत हवाही कमी होती. दोन्ही दोष दूर होताच आकडा साडेतेरावर आला.

तेव्हापासून वडील वेगही आवरतात. ताशी ६० चे ८० केले, तर हवेचा विरोध सुमारे पावणेदोनपट होतो. मात्र पेट्रोल वाचविण्यासाठी ते उतारावर गाडी कधीही न्यूट्रलमध्ये सोडीत नाहीत. तसे केल्यास एंजिनाचा रोध नाहीसा होऊन सारा ताण ब्रेकवर पडतो.

घाटात पेट्रोल टाकीच्या एका बाजूस कलते व काटा फसवितो. म्हणून टाकीत २५ लिटर असता वडील ५ लिटर हिशेबाबाहेर ठेवितात आणि उरलेल्या २० लिटरांस ११ नेच गुणितात. २२० किलोमीटरांपलीकडे पंपावाचून जावयाचे नाही, हा त्यांचा नियम.

मित्रहो, वैद्य नाडी पाहून रोग ओळखतो, तसा हा आकडा गाडीचे दुखणे वेळीच सांगतो. तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर वहीचे एक पान आजच तिच्या नावे काढा.