वसमतच्या वाटेवरची जुनी जीप

औंढा नागनाथाहून वसमतकडे जाणारा रस्ता आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. शिरड शहापूरच्या मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनासाठी येणारी मंडळी या रस्त्याने येतात, दुतर्फा हळदीची शेते पाहतात आणि परत फिरतात. शेताकडे वळणाऱ्या पांदणीत सहसा कोणी उतरत नाही. बँकेच्या कृषिकर्ज विभागात असताना माझे फिरणे मात्र या पांदणींतूनच होते. येथील काळी जमीन पावसाळ्यात चाकांना अशी चिकटते की बैलसुद्धा पाऊल उचलताना थबकतात. शिवारापर्यंत नेणारे भरवशाचे वाहन एकच होते. चारही चाकांना जोर देणारी जीप.

या जीपगाड्यांचे वय सांगणे कठीण. सांगाडा एका काळातला, टप दुसऱ्या काळातला आणि इंजिन तिसऱ्याच काळातले. त्याला कारण आहे. महिंद्र कंपनीने आपल्याकडे रुजविलेली जीप मूळची अमेरिकेच्या विलीज कंपनीची, पेट्रोलवर चालणारी. सुमारे २२०० घन सेंटिमीटरचे तिचे इंजिन पेट्रोल पिण्यात हात आखडता घेत नसे. १९७३ च्या तेलसंकटानंतर ही चैन शेतकऱ्याला परवडेनाशी झाली. १९६३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने महिंद्रचा बी-२७५ ट्रॅक्टरचा उद्योग सुरू झालेला होता. त्याच घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये आले. पुढे १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार होऊन २११२ घन सेंटिमीटरचे, अधिक वेगाने फिरणारे डिझेल इंजिन मिळाले.

खेड्यापाड्यांतले मिस्त्री मात्र कंपनीच्या वेळापत्रकासाठी थांबले नाहीत. ट्रॅक्टरचे, मॅटॅडोरचे, जे इंजिन हाताशी आले ते त्यांनी जीपमध्ये बसविले. बेल हाउसिंगचे भोक जुळले नाही तर लेथवर पट्टी कातून घेतली, फाउंडेशन वेल्डिंगने हलविले. या कारागिरीचे मला कौतुक वाटते, तरी ती सर्वस्वी निर्दोष नव्हती. ट्रॅक्टरचे इंजिन कमी फेऱ्यांत जोर देते. डिफरन्शियल मूळचेच ठेवले तर गाडी चिखलात हत्तीसारखी चालते आणि डांबरी रस्त्यावर ओरडत राहते. वजन वाढल्यामुळे पुढचे पाटे बसतात ते वेगळेच.

खरी अडचण कागदावर येते. वसमत तालुक्यातील माझ्या एका जुन्या खातेदारांनी अशी एक जीप विकत घेतली. गाडी चालती होती, किंमत वाजवी होती. मला त्यांनी ती दाखविली तेव्हा बँकेतली सवय सुटली नसल्याने मी बॉनेट उघडावयास सांगितले. कर्जावरील वाहनाची तपासणी करताना आम्ही चेसिसच्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेत असू आणि इंजिनाचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहत असू. येथे चेसिस जुळले. इंजिन जुळले नाही. प्रमाणपत्रात प्यूजो धाटणीच्या इंजिनाचा क्रमांक होता आणि समोर ट्रॅक्टरचे इंजिन उभे होते. अदलाबदल कोण्या पूर्वीच्या मालकाची. भुर्दंड मात्र यांना.

हा केवळ आकड्यांचा घोळ नव्हे. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते आणि यांची मुदत संपत आली होती. इंजिन जुळत नसेल तर तपासणी अडते, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला हात झटकण्यास निमित्त सापडते. एका मध्यस्थाने सोपा उपाय सुचविला, जुनाच क्रमांक या इंजिनावर ठोकून देतो म्हणाला. खर्चही फार नव्हता. खातेदारांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, ‘‘काका, चोरीची गाडी लपविणारेही हेच करतात. उद्या पोलिसांनी विचारले तर तुमची शेती, तुमचे नाव कोणी पाहणार नाही.’’ ते काही वेळ गप्प राहिले, मग मध्यस्थाला चहा पाजून त्यांनी वाटेला लावले.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाट आहे. वाहनाचे मूळ स्वरूप बदलता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ठामपणे सांगितले आहे; परंतु त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीने बसविता येते. बदल केल्यावर १४ दिवसांच्या आत कळवून नवा क्रमांक प्रमाणपत्रात चढवून घ्यावयाचा असतो. म्हणून त्यांनी नव्या इंजिनाचा नाद सोडून जुन्याचाच शोध घेतला. त्यांच्या जीपपेक्षाही काही वर्षांनी वडील असलेले, त्याच प्रकारचे इंजिन भंगारात निघालेल्या एका गाडीचे मिळाले. विक्रीची पावती आणि त्या गाडीच्या कागदांची प्रत हाती आल्याखेरीज पैसे देऊ नका, एवढे मी बजावले होते.

हिंगोलीच्या परिवहन कार्यालयात आधी अर्ज, मग काम, असा क्रम त्यांनी पाळला. मिस्त्रींना दोन दिवस लागले. साखळी-पुलीने ट्रॅक्टरचे धूड वर उचलले, वेल्डिंग केलेले फाउंडेशन कापून मूळच्या जागी आणले. जुने इंजिन उघडून रिंगा, बेअरिंग व हेडचे पॅकिंग बदलले, नोझल पंपवाल्याकडून तपासून घेतले. या इंजिनाला संगणक नाही, तारांचे जाळे नाही. बिघाड कानाने ओळखावा आणि पान्याने सुधारावा, एवढेच. शिवारात बंद पडली तर कुरुंद्याचा मिस्त्री सायकलवर येऊनही ती चालू करू शकतो.

तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी कापडाने इंजिन पुसले, क्रमांक वाचला, पावतीशी ताडला आणि नोंद केली. पुढील ५ वर्षांची मुदत मिळाली. उतरविलेले ट्रॅक्टरचे इंजिन काकांनी विकले नाही. शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते आता हळद पॉलिश करण्याच्या ढोलाला जोडले आहे.