आगाऊ पैसे भरल्यावर

२० ऑक्टोबर २०२० रोजी जपानच्या मियाझाकी प्रांतातल्या नोबेओका शहरात एका चिप-कारखान्याला आग लागली. आसाही कासेई मायक्रोडिव्हाइसेस, म्हणजे एकेएम, या कंपनीचा तो कारखाना. आग पुरती विझायला तीन दिवसांहून अधिक काळ लागला. आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या चिप बनवण्यात या कंपनीचं मोठं नाव. स्टुडिओतल्या यंत्रांपासून खिशातल्या म्युझिक प्लेअरपर्यंत कितीतरी उपकरणांत तिचा माल असायचा. ती बातमी मी पुण्यात वाचली आणि माझ्या पोटात गोळा आला. थोडंच आधी मी युरोपातल्या एका छोट्या कंपनीकडे एका यंत्राचे पूर्ण पैसे भरले होते आणि त्या यंत्रात एकेएमचीच चिप बसणार होती.

यंत्र फारसं कुणाला माहीत नसलेलं. जुन्या कॅसेट डेकमधली टेप सरकवणारी यंत्रणा पुष्कळदा शाबूत असते, पण सर्किटमधले कपॅसिटर वाळून गेलेले असतात. मग गाण्याच्या मागे सतत घुंई आवाज येत राहतो. हे यंत्र डेकच्या हेडवरचा मिलिव्होल्टहूनही क्षीण सिग्नल थेट उचलणार आणि तो संगणकात स्वच्छ उतरवून देणार होतं. अशा वस्तूला जगभरात मिळून गिऱ्हाइकं ती किती असणार? मोठ्या कंपन्या तिच्या वाटेला जात नाहीत. दोन-तीन माणसं एकत्र येतात, आधी ऑर्डरी गोळा करतात, त्याच पैशांतून सुटे भाग घेतात आणि मग माल बनवतात. हा व्यवहार मला ठाऊक होता आणि मान्यही होता.

मला निकड होती ती सांगलीच्या आत्यामुळे. आत्या मिरजेत गाणं शिकली. तिच्या गुरुजींच्या घरगुती बैठका, शिकवणीचे तास, तिचं स्वतःचं उमेदीतलं गाणं, असं सगळं तिनं कॅसेटवर जपून ठेवलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांपर्यंत चढलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. आत्याच्या तळमजल्यात पाणी शिरलं. ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा ट्रंकेत कॅसेटबरोबर चिखल भरलेला होता.

त्या सगळ्या कॅसेट मी पुण्यात आणल्या. एकेकीचे पाच स्क्रू काढायचे, गाळानं भरलेलं कवच उघडायचं, टेपची दोन्ही चाकं अलगद उचलून डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुवायची, सावलीत वाळवायची आणि नव्या कवचात बसवायची. टेपची पट्टी जेमतेम चार मिलिमीटर रुंद. ती हाताळताना बोटांना तपकिरी भुकटी लागायची. ती भुकटी म्हणजेच गाणं, कारण आवाज त्या लोहकणांतच साठवलेला असतो. अशी भिजलेली टेप दर वेळी वाजवताना आणखी थोडी झडते. म्हणून ती शक्यतो एकदाच वाजवायची आणि त्या एका वेळेत जास्तीत जास्त चांगली उतरवून घ्यायची, असं मला या कामातल्या जाणकारांनी बजावलं होतं. साध्या यंत्रावर घाईनं काम उरकणं त्यामुळे शक्यच नव्हतं. चांगल्या यंत्रासाठी थांबणं भाग होतं.

आगीनंतर लवकरच कंपनीचा ईमेल आला, आणि तो फार चांगला होता. त्यात लिहिलं होतं की हातात थोड्याच नगांपुरत्या चिप आहेत. बाजारात दलाल उरलेला साठा कितीतरी पट दरानं विकत आहेत. तो दर परवडणारा नाही. म्हणून दुसऱ्या कंपनीची चिप घेऊन बोर्ड नव्यानं आखावा लागेल. ज्यांना थांबायचं नसेल त्यांनी पैसे परत मागावेत, असंही स्पष्ट म्हटलं होतं. वाईट बातमी असूनही मला धीर आला. मी पैसे परत मागितले नाहीत.

एक चिप काढून दुसरी बसवणं बाहेरून वाटतं तितकं सोपं नसतं. नव्या चिपच्या पायांची मांडणी वेगळी, तिला लागणारा वीजपुरवठा वेगळा. म्हणजे पीसीबीचा आराखडा नवा, नमुन्याचे बोर्ड नवे, त्यांतला नॉइज पुन्हा मोजायचा, फर्मवेअर पुन्हा लिहायचं, चाचण्या पुन्हा करायच्या. जर्मनीच्या आरएमईसारख्या नामांकित कंपनीलाही आपल्या एडीआय-२ डॅकमध्ये एकेएमच्या जागी ईएसएसची चिप घालावी लागली. त्यात २०२१ च्या मार्चमध्ये जपानमधल्याच रेनेसास कंपनीच्या नाका इथल्या कारखान्यात आग लागली. जगभर चिपची टंचाई होतीच, मोटारींचे कारखानेसुद्धा थांबत होते. तिथे दोन-तीन माणसांच्या कंपनीचं कोण ऐकणार? हे सगळं मी समजून घेत होते. पहिले काही महिने माझी कुठलीच तक्रार नव्हती.

नंतर ईमेल विरळ झाले आणि त्यांतली भाषाही बदलली. ‘लवकरच’, ‘पुढच्या तिमाहीत’, ‘अंतिम टप्प्यात’ असे शब्द येऊ लागले. दिलेली तारीख जवळ आली की तिच्या तोंडावर पुढची तारीख यायची. मग तारखा येणंही थांबलं. आम्ही विचारलेल्या प्रश्नांना उत्तर मिळेना.

२०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेला पुन्हा पूर आला. या वेळी कॅसेट माझ्याकडे होत्या, पण पुण्यातल्या दमट हवेत काही टेपांवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसू लागले होते. आत्याचा फोन आला की पाऊसपाण्याचं बोलून झाल्यावर ती विचारायचीच, “अगं, ते तुझं यंत्र आलं का?”

“नाही गं आत्या, पुढच्या महिन्यात येईल असं म्हणताहेत.”

“बरं. माझा उजवा कान आता कामातून गेलाय, डाव्याचं काय ते लवकर बघ.”

उशिराचा खरा जाच मला इथे कळला. कंपनीनं दिलेली तारीख मी माझ्या तोंडानं आत्याला सांगत होते. तारीख हुकली की खोटा पडायचा तो माझा शब्द. आगाऊ नोंदणी केलेल्या कित्येक ग्राहकांची हीच गत असते. वस्तू क्वचितच एकट्याची असते. तिच्या भरवशावर आपण घरच्यांना, सहकाऱ्यांना, कधी आपल्या गिऱ्हाइकांना काहीतरी कबूल केलेलं असतं.

जुन्या रेकॉर्डिंगच्या नादातून ओळख झालेल्या नागपूरच्या एका गृहस्थांनीही हेच यंत्र नोंदवलं होतं. ते फोनवर म्हणाले, “ताई, पैसे गेले असं समजून घ्या.” मी कंपनीची बाजू मांडू लागले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. “उशिराचं दुःख नाही हो. पण यांनी दुसऱ्या मॉडेलचं बुकिंग सुरू केलंय, पाहिलंत का?” मी पाहिलं. खरंच होतं. आमची यंत्रं अजून बनलेली नसताना नव्या यंत्राचे पैसे घेणं सुरू झालं होतं. त्या दिवशी मला मनस्वी संताप आला. आग जपानमध्ये लागली हा कुणाचा दोष नव्हता. पण नवं बुकिंग उघडणं हा त्यांनी शुद्धीवर असताना घेतलेला निर्णय होता.

कार्डानं दिलेले पैसे बँकेमार्फत परत मागता येतात का, याची मी चौकशी केली. येतात, पण त्यालाही ठरावीक मुदत असते. कंपनी पुढच्या पुढच्या तारखा देत राहिली आणि सज्जनपणे आपण थांबत राहिलो, तर ती मुदत टळते आणि हातातलं एकमेव साधन निसटतं. जो जास्त धीर धरतो त्याचंच जास्त नुकसान होतं, ही गोष्ट मला फार अन्यायाची वाटली.

त्याच काळात आत्याच्या तंबोऱ्याची आठवण झाली. मी लहान असताना तिच्याबरोबर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेले होते. मिरजेचे तंबोरे तेव्हाही नावाजलेले होते, २०२४ मध्ये तर त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. आत्यानं तंबोरा आधीच सांगून ठेवला होता, पैसेही दिले होते. कारागिरानं आम्हाला आत नेलं, वाळत ठेवलेला भोपळा दाखवला आणि तिचा हात त्यावर ठेवून म्हणाले, “बाई, हा अजून ओला हाय. आत्ता बांधला तर पुढं फुटंल. पावसाळा जाऊ द्या.” आत्या एक अक्षर न बोलता परत फिरली. तंबोरा बऱ्याच उशिरा घरी आला, पण त्या उशिराबद्दल मी तिच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही. आपली वस्तू कुठे आहे, कशासाठी अडली आहे आणि ती अडण्यात आपलंच हित कसं आहे, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

आपल्या देशाला बुकिंग करून थांबण्याची सवय जुनी आहे. बजाजच्या स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. १९८३ मध्ये मारुतीच्या मोटारीसाठी १०,००० रुपये भरून लाखाहून अधिक लोकांनी नाव नोंदवलं. त्या काळचे ग्राहक हतबल होते, पर्याय नव्हते, ते दिवस परत यावेत असं कुणी म्हणणार नाही. पण त्यांच्याजवळ नोंदणीची पावती असायची, त्यावर क्रमांक असायचा आणि तो क्रमांक पुढे सरकतोय की नाही, याचा अंदाज घेता यायचा. मला तर माझा क्रमांक कितवा, हेच माहीत नव्हतं.

आधी पैसे घेऊन वस्तू बनवणाऱ्यांची उदाहरणंही मी वाचून काढली. पेबल हे मनगटी घड्याळ २०१२ मध्ये ६८,००० हून अधिक लोकांनी आगाऊ पैसे देऊन उभं केलं. सप्टेंबरची तारीख हुकली आणि घड्याळं २०१३ च्या जानेवारीत निघू लागली. पण मधल्या काळात काम कुठवर आलं, हे कंपनी लोकांना कळवत राहिली. याउलट पँडोरा नावाच्या हातात मावणाऱ्या गेमयंत्राची नोंदणी २००८ मध्ये झाली, पहिले नग २०१० मध्ये निघाले आणि पुष्कळांना त्यानंतरही वर्षानुवर्षं खोळंबावं लागलं. उशीर दोघांनाही झाला. छोट्या उत्पादनात तो बहुतेक ठरलेलाच असतो, कारण एक सुटा भाग अडला की सगळा माल अडतो.

शेवटी नागपूरच्या त्या गृहस्थांनी आणि मी मिळून कंपनीला पत्र लिहिलं. आणखी काही ग्राहकांनी त्याखाली नावं दिली. पत्रात शिवीगाळ नव्हती, धमकी नव्हती. चार प्रश्न होते. नव्या चिप प्रत्यक्ष हातात किती आल्या? बोर्डाची चाचणी कुठवर आली? माल कोणत्या क्रमानं जाणार आणि त्यात आमचा क्रमांक कितवा? नव्या मॉडेलच्या पैशांतून जुन्या ऑर्डरी पुऱ्या होणार आहेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यायला वेळ लागला, पण आलं, आणि ते ‘होय’ असं होतं. त्यांचे पैसे संपले होते. लाजेपोटी त्यांनी बोलणं टाकलं होतं. त्यानंतर दर महिन्याला हिशेब येऊ लागला. नागपूरच्या गृहस्थांनी तरीही पैसे परत मागितले आणि त्यांना ते हप्त्यांनी मिळाले. त्यांचा निर्णय मला पूर्ण पटला. मी थांबले, कारण माझ्या टेपांना दुसरा मार्ग नव्हता.

यंत्र आलं, जकात भरून सोडवलं. ते उत्तम आहे. बुरशी चढलेल्या टेपांपैकी काहींतलं गाणं गेलं, ते आता कधीच मिळणार नाही. बाकीचं उतरवून मी सांगलीला नेलं. आत्यानं डाव्या कानाला हेडफोन लावून गुरुजींचा मुलतानी ऐकला आणि मधेच म्हणाली, “इथे मी चुकले होते, आता ओरडतील बघ.” आणि खरोखर गुरुजी ओरडले.

या अनुभवानंतर माझं मत पक्कं झालं आहे. आगाऊ पैसे भरणारा माणूस नुसता गिऱ्हाईक नसतो. दुकानात कुणी वस्तू समोर पाहून पैसे देतं; इथे वस्तू अस्तित्वातच नसताना आपण तिच्या निर्मितीला भांडवल पुरवतो, तेही बिनव्याजी आणि बिनतारण. असं भांडवल देणाऱ्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे. त्याच्या चौकशीला ‘अधीरपणा’ म्हणणं चुकीचं आहे.

म्हणून वस्तू बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: वाईट बातमी आधी सांगा, ठरल्या दिवशी सांगा, सांगण्यासारखं काही घडलं नसेल तर तेही सांगा. पैसे परत मिळण्याचा रस्ता शेवटपर्यंत उघडा ठेवा. आणि जुन्या ऑर्डरी पुऱ्या झाल्याशिवाय नवं बुकिंग घेऊ नका. घ्यावंच लागलं, तर का घेतलं ते जुन्या गिऱ्हाइकांना आधी कळवा.

घेणाऱ्यांना सांगणं एवढंच की, पैसे भरण्याआधी रिफंडची अट लेखी वाचा. शक्यतो कार्डानं पैसे द्या आणि तक्रारीची मुदत बँकेकडून माहीत करून घ्या. विक्रेता देशातला असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा उपयोग करा. वस्तू येईपर्यंत तिच्या भरवशावर कुणाला तारीख देऊ नका. थांबायचं असेल तर खुशाल थांबा, पण दर महिन्याला हिशेब मागत थांबा.