तळघराच्या पायऱ्या

महाल, नागपूर

चि. चिऊस,


परवा फोनवर तू रडवेली झालीस, तेव्हापासून ते उदाहरण माझ्या डोक्यात आहे. ‘तीन क्रमागत पूर्णांकांची बेरीज –15 आहे, तर ते पूर्णांक कोणते?’ तू मांडणी बरोबर केलीस: क्ष, क्ष + 1, क्ष + 2. क्षची किंमत –6 काढलीस, तीही बरोबर. आणि मग पुढचे दोन लिहिलेस –7 आणि –8. बेरीज झाली –21, आणि तू म्हणालीस, “आजी, मला गणित येतच नाही.”

अगं, गणित सगळं आलं होतं. शेवटी पाय तेवढा उलट्या पायरीवर पडला.

आपला वाडा आठव. चौकातली फरशी म्हणजे शून्य. माडीवर चढताना 1, 2, 3. आणि धान्याच्या तळघरात उतरताना –1, –2, –3. तीच ती, कोपरा झिजलेली पायरी, जिथे तू माझा पदर धरायचीस. आता समज, तू –6 वर उभी आहेस. पुढचा पूर्णांक म्हणजे एक मिळवायचा, आणि एक मिळवायचा म्हणजे एक पायरी वर यायचं, मग तू माडीच्या जिन्यात अस की तळघराच्या. –6 वरून चढलीस की –5, आणखी एक चढलीस की –4. कर बेरीज. सहानंतर सात म्हणायची सवय जिभेला पहिलीपासून लागलेली असते, आणि जीभ समोरचं उणे चिन्ह पाहत नाही. शाळेत शिकवत होते तेव्हा ही चूक मी कितीतरी हुशार मुलांच्या वह्यांत पाहिली आहे.

‘क्रमागत’ या शब्दालाही घाबरू नकोस. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. दोन्हींच्या मध्ये तिसरा दिवस शिरू शकत नाही. तसंच –6 आणि –5 यांच्या मध्ये दुसरा पूर्णांक मावत नाही.

आता माझी आवडती गोष्ट. पुढच्या वेळी क्ष मधल्या पायरीला म्हण. खालची क्ष – 1, वरची क्ष + 1. खालच्या पायरीला जो एक कमी पडतो, तो वरचीकडे जास्त असतो, म्हणून बेरीज सरळ 3क्ष. –15 ला 3 ने भागलं की –5, आणि दोन्ही शेजारी हाताशी. पाच संख्या असल्या तरी हेच. चार संख्यांना मात्र मधली पायरीच नसते, म्हणून त्यांची बेरीज 4 ने कधीच निःशेष भागली जात नाही. बाकी 2 उरतेच. करून बघ.

आणि कापरेकरांबद्दल सांगायचं राहिलं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म 1905 चा, डहाणूचा. नोकरीची सगळी वर्षं देवळालीला शाळेत शिकवलं आणि उरलेला वेळ संख्यांशी खेळण्यात घालवला. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, त्या संख्येला त्यांनी नाव दिलं हर्षद, हर्ष देणारी. 510 घे: 5 + 1 + 0 म्हणजे 6, आणि 6 गुणिले 85 बरोबर 510. मग 511 ला 7 ने, 512 ला 8 ने, 513 ला 9 ने भागून बघ. चार हर्षद संख्या ओळीने! 514 ला ओळ तुटते. अशी ओळ जास्तीत जास्त 20 संख्यांची होऊ शकते, 21 ची कधीच नाही, हे कूपर आणि केनेडी या दोन गणितज्ञांनी 1993 मध्ये सिद्ध केलं. कापरेकर 1986 मध्येच गेले होते. त्यांना हे कळलं असतं तर किती आनंद झाला असता, असं मला राहून राहून वाटतं.

दिवाळीत येशील तेव्हा खडू घेऊन आपण तळघराच्या पायऱ्यांवर आकडे लिहू. दाराची कडी गंजली होती, तिला काल तेल घातलं आहे.

तुझी,
आजी