डाव्या कोपऱ्यातलं आदिलाबाद

आदिलाबादकडे आपल्यातले बहुतेक जण जातात ते पावसाळ्यात, कुंतला धबधबा बघायला. हैदराबादहून नागपूर रस्त्याला लागायचं, निर्मल गेलं की महबूब घाट चढायचा, सागाचं जंगल सुरू झालं की गाडीच्या काचा खाली करायच्या. मग कडम नदीवरचा तो धबधबा, फोटो, गरम भजी आणि अंधार पडायच्या आत परतीची वाट. खुद्द आदिलाबाद गाव अजून पुढे असतं. ते राहूनच जातं.

मी यंदा जानेवारीत उलट्या बाजूने गेलो, रेल्वेने. मुदखेडला गाडी आदिलाबादच्या फाट्याला लागते आणि भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट करत निवांत जाते. किनवटच्या पुढे कुठेतरी महाराष्ट्र संपतो, पण खिडकीतून ते समजत नाही. तोच कापूस, तीच तूर, तेच डब्यातले आवाज. त्याला कारणही आहे. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, आणि राजुराही. भाषावार राज्यं झाली तेव्हा हे दोन तालुके अलीकडे आले, पण बेला, जैनथ, तामसी, तलमडगू या भागातली कितीतरी मराठी गावं तिकडेच राहिली. पैनगंगेच्या एका काठावर यवतमाळ जिल्हा आणि दुसऱ्या काठावर ही गावं. सोयरिकी अजून नदी ओलांडून होतात. पुढे २०१६ मध्ये तेलंगणाने जुन्या मोठ्या जिल्ह्याचे चार जिल्हे केले, पण मराठीचा पट्टा बराचसा आजच्या आदिलाबादेतच आहे.

इथे सरकारी मराठी शाळा आहेत. शाळेत मराठी, मंडल कार्यालयात तेलुगू, बाजारात दख्खनी हिंदी, आणि जंगलाकडच्या गावांत गोंडी. एका चहाच्या टपरीवर दहा मिनिटं बसलो, तेवढ्यात टपरीवाल्याने चारही भाषांत पैसे मागितले. आपल्याकडची मुलं मराठी आणि इंग्रजीतच अडखळतात तेव्हा मला त्या टपरीवाल्याची आठवण येते. असो.

मी गेलो होतो कबड्डीसाठी. आपल्या मंडळातल्या घराघरांत प्रो कबड्डीच्या दिवसांत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आई-बाबा पुणेरी पलटणच्या बाजूने आणि इथे जन्मलेली पोरं तेलुगू टायटन्सच्या. आणि ही टायटन्सवाली पोरं बरीच वर्षं फार सोसत होती. हा संघ इतका का हरतो, असं एका भाच्याने मला विचारलं, तेव्हा मी घाईने उत्तर दिलं की त्यांना बचाव नाही. मग वाटलं, बचाव नाही म्हणजे नेमकं काय, हे जिथे पोरं मातीत खेळतात तिथे जाऊन बघावं.

मुलांना हा इतिहास पाठ आहे. मोठ्यांसाठी थोडक्यात सांगतो. लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून टायटन्स तिच्यात आहेत. पहिले सहा हंगाम राहुल चौधरी हा त्यांचा चेहरा होता. २०१५ मध्ये संघ तिसरा आला. २०१९ मध्ये राहुल गेला आणि त्याच्या जागी आला आपला सिद्धार्थ देसाई, चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले, त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली. संघ बारांत अकरावा आला. पुढच्या हंगामात २२ सामन्यांत एक विजय. त्याच्या पुढच्या हंगामात दोन. मग पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांच्याही वर मोजून आणलं, तरी पुन्हा दोनच. तीन हंगाम, ६६ सामने, ५ विजय, आणि तिन्ही वेळा तळाला.

एवढं वाचून कोणीही म्हणेल की यांनी सगळा पैसा चढाईपटूंवर उधळला आणि बचावाकडे पाहिलंच नाही. मीही भाच्याला हेच सांगितलं होतं. पण ते पुरतं खरं नाही. २०२२ च्या हंगामात या संघाकडे रविंदर पहल, सुरजित सिंग, परवेश भैंसवाल आणि विशाल भारद्वाज असे चार नावाजलेले बचावपटू एकाच वेळी होते. कागदावर तसा बचाव कोणाकडेच नव्हता. आणि नेमक्या त्याच हंगामात २२ पैकी २.

हे कोडं मला बेला मंडलातल्या एका शाळेच्या मैदानावर थोडंफार सुटलं. पण आधी कोपरा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण टीव्हीवर कॅमेरा सदैव चढाईपटूच्या मागे असतो.

मैदानात सात जण हात धरून उभे असतात. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या आत मध्यरक्षक. बहुतेक चढाईपटू आपल्या उजव्या हाताकडून वार करतात, म्हणजे ते येतात बचाव करणाऱ्यांच्या डाव्या कोपऱ्यावर. म्हणून डावा कोपरा ही संघातली सर्वांत कष्टाची जागा. समोरचा बोनससाठी पाय टाकतो, आणि त्या अर्ध्या क्षणात कोपऱ्याने घोटा धरायचा असतो. क्षणभर आधी झेपावलात तर तो उडी मारून जातो, क्षणभर उशीर केलात तर हातात हवा येते. आणि नुसता घोटा धरून भागत नाही. शेजारच्या मध्यरक्षकाने त्याच श्वासात धडक द्यायला हवी, नाहीतर तो गडी कोपऱ्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत घेऊन जातो. मग जितक्यांनी हात लावला तितके सगळे बाद. म्हणजे धीर धरलेल्या गड्याची चूक एका गुणाची, पण उतावीळ झालेल्या शेजाऱ्याची चूक तीन गुणांची.

हे दोघांचं जमणं लिलावात मिळत नाही. चार थोर बचावपटू एकत्र आणले, पण प्रत्येकाची झेपावण्याची वेळ वेगळी. टायटन्सचं बहुधा तेच झालं, असं माझं मत. (सुरजितमध्ये खोट नव्हती हे तर दिसलंच. २०२५ ची लीग दबंग दिल्लीने जिंकली तेव्हा बचावात फजल अत्राचलीबरोबर तोच होता.)

आता शाळेचं मैदान. त्या भागातली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात तिच्यात पाय रुततो आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून शाळेने एका बाजूला मुरूम आणि लाल माती आणून पसरली होती, पाणी मारून दाबली होती. चुन्याच्या रेषा. मॅट नाही. जवळचं मोठं मैदान म्हणजे आदिलाबाद शहरातलं इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियम, तिथे जायला बसचे पैसे आणि अख्खा दिवस लागतो. संक्रांतीच्या आसपास गावोगाव स्पर्धा लागतात. काही वजनाच्या गटाच्या, काही खुल्या, आणि नदीपलीकडचे संघही येतात. कापूस वेचणीचे दिवस असल्यामुळे निम्मी पोरं सकाळी शेतात असतात आणि दुपारी चारनंतर मैदानात.

तिथले क्रीडाशिक्षक पन्नाशीचे. स्वतः जुने कबड्डीपटू, गुडघ्याला पट्टा बांधून उभे. मी त्यांना टायटन्सबद्दल विचारलं तर हसले. म्हणाले, "अहो, त्यांचं सोडा, माह्या शाळेचंच पाहा ना. रेडर मागा, दहा भेटतात. कोपरा भेटत नाही."

का भेटत नाही, हेही त्यांनी सांगितलं. सहावी-सातवीतलं पोरगं मैदानात येतं ते टीव्हीवर पवन पाहून. त्याला मांडी थोपटायची असते, उडी मारायची असते, परत येऊन बोट वर करायचं असतं. त्याला तुम्ही म्हणालात की तू टोकाला उभा राहा आणि समोरचा चुकेपर्यंत काही करू नकोस, तर दोन दिवसांत ते यायचं बंद होतं. मग सर काय करतात, तर वर्षभर कोणालाच जागा देत नाहीत. सगळे सगळीकडे खेळतात. जो पकड फसल्यावर चिडत नाही, त्याच्यावर नजर ठेवतात आणि त्याला हळूच टोकाकडे सरकवतात. त्याच्या शेजारी कोण उभा राहणार हे एकदा ठरलं की ती जोडी दोन-तीन वर्षं मोडत नाहीत. परीक्षेतही शेजारी बसतात की काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, शेतातही एकाच ओळीत वेचतात.

त्यांच्या संघात आत्ता असा एक डावा कोपरा आहे. दहावीचा मुलगा, उंची बेताची, खांदे रुंद. घरी मराठी आणि तेलुगू दोन्ही. सामना सुरू झाला तेव्हा मी मुद्दाम त्याच्याकडेच पाहत राहिलो, चढाईपटूकडे पाहायचं नाही असं ठरवून. तुम्हीही एकदा करून बघा, खेळ वेगळाच दिसतो. पहिल्या दहा मिनिटांत त्याने एकच पकड केली. समोरच्याने बोनससाठी उजवा पाय लांबवला, आणि हा वाकला असं दिसायच्या आत तो आडवा झाला होता. शेजारचा मध्यरक्षक वर आदळला. धूळ बसली तेव्हा तिघेही हसत होते, पकडलेलासुद्धा.

त्यानंतर त्याच्याकडे कोणी आलंच नाही.

सर म्हणाले, हेच तर दुखणं आहे. मागच्या वर्षी त्याला निवड चाचणीला पाठवलं होतं. दोन सामने खेळवले. पहिल्याच चढाईत त्याने एकाला धरलं, मग सगळे रेडर उजव्या बाजूने येऊ लागले. दोन सामन्यांत त्याच्या नावापुढे गुण दोन. त्याच्यामुळे चढाईपटूंना अर्धंच मैदान वापरता आलं, त्यामुळे उजव्या कोपऱ्याला सात गुण मिळाले, आणि निवड झाली उजव्या कोपऱ्याची. गुणपत्रकात न आलेल्या चढाया लिहायला रकाना नसतो. ते पोरगं तेव्हा काही बोललं नाही, पण महिनाभर त्याने सरांकडे एकच हट्ट धरला, मला रेडर करा. सरांनी आठ दिवस केलंही. मग शेजारचा मध्यरक्षक रडकुंडीला आला आणि दोघे परत आपापल्या जागी गेले.

यंदा पुन्हा चाचणी आहे. यंदा नाही झालं तर घरचे त्याला नांदेडला आयटीआयला पाठवणार. काका तिकडे आहेत, राहायची सोय आहे. त्यात वाईट काहीच नाही, सरांनाही ते पटतं. तरी या वेळी त्यांनी एक युक्ती केली आहे. एका माजी विद्यार्थ्याला मोबाइल देऊन बाकावर उभं केलंय आणि प्रत्येक सामन्याचं चित्रण चालू आहे. रेडर कोणत्या बाजूला किती वेळा गेला, हे सर रात्री वहीत मांडतात. वही मला दाखवली. चार सामन्यांत समोरच्यांच्या ११२ चढाया. डाव्या कोपऱ्यावर १९. बाकी सगळ्या दुसरीकडे. निवड करणाऱ्यांना ही वही दाखवणार का, विचारलं. म्हणाले, दाखवणार, पाहतील की नाही ते त्यांचं.

टायटन्सचं म्हणाल तर ते आता सावरलेत. २०२४ च्या हंगामात बाद फेरी थोडक्यात हुकली आणि २०२५ मध्ये ते अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर पोचले. तिथे त्यांना हरवलं ते आपल्याच पुणेरी पलटणने, त्यामुळे त्या रात्री आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत जेवताना शांतता होती. पण नीट पाहिलंत तर फरक बचावात दिसतो. डाव्या टोकाला अंकित, उजव्या टोकाला आपल्या महाराष्ट्राचा शुभम शिंदे. आधीच्या हंगामात ज्यांना आपण ओळखतही नव्हतो असे एक-दोघे आत टिकवून ठेवलेले. सरांना हे सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना ते माहीत होतं.

तुम्हाला जायचं असेल तर संक्रांतीपासून पौष अमावास्येपर्यंतचे दिवस चांगले. अमावास्येला इंद्रवेल्लीजवळ केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातले गोंड लोक गोदावरीचं पाणी पायी जाऊन आणतात आणि त्याने देवाला अभिषेक करतात. जत्रा अवश्य बघा, पण एक दुपार पैनगंगेकाठच्या गावांसाठी राखून ठेवा. कुठे सामना आहे ते बसस्टँडवर मराठीत विचारलं तरी चालतं. जेवायला ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी मिळते, तिखट सांभाळून घ्या.

मी निघालो तेव्हा दुसऱ्या डावाची पाच-सहा मिनिटं उरली होती. पाहुण्या संघाला चार गुणांची पिछाडी होती आणि त्यांचा सगळ्यात चांगला रेडर चढाईला आला. निदान रेषेपर्यंत गेला, डाव्या कोपऱ्याकडे एकदा नजर टाकली. तो मुलगा गुडघ्यावर हात ठेवून उभा होता, हललासुद्धा नाही. रेडर वळला आणि उजवीकडे गेला. बाकावरच्या मोबाइलवाल्याने सरांकडे पाहून बोट वर केलं, आणि सरांनी वहीत एक रेघ ओढली.